गेमच्या दुकानाची मांडणी बदलली, तर गिऱ्हाईक एवढं का चिडतं?

गेम विकणाऱ्या एखाद्या मोठ्या वेबसाइटने रूप बदललं की दोन दिवसांत तक्रारींचा पाऊस सुरू होतो. ‘जुनं परत द्या’, ‘काहीच सापडत नाही’, ‘माझी यादी कुठे गेली?’ आपल्याकडे नाशिकला कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या खोल्यांमध्ये राहणारी पोरं यावर तासन् तास वाद घालतात आणि त्यांच्या घरच्यांना त्यातलं अवाक्षर कळत नाही. गेम तेच, किमती त्याच, कंपनीही तीच. मग नुसती मांडणी बदलली तर एवढं आकांडतांडव कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. मी नाशिकमध्ये वेबसाइट तपासण्याचं काम करते. नवी वेबसाइट लोकांसमोर जाण्याआधी ती वापरून बघायची, कुठे अडतं ते शोधायचं. आमच्याकडची कामं बहुतेक अंबड-सातपूरच्या कारखान्यांची आणि द्राक्ष निर्यातदारांची असतात. पण वेबसाइट बदलताना नेमकं काय बिघडतं, हे गेम स्टोअरच्या ग्राहकांच्या तक्रारींइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. त्या तक्रारींतला काही भाग सवयीचा असतो आणि तो विरून जातो. उरलेला भाग सवयीचा नसतोच. काहीतरी हरवल्याची ती खबर असते, आणि ‘लोकांना बदल नकोच असतो’ म्हणून ती उडवून लावणं मला अन्यायाचं वाटतं.

हे दुकान साधं दुकान नाही

पूर्वी कॉम्प्युटरवरचा गेम सीडीवर मिळायचा. सीडी घरी आली की दुकानदाराशी संबंध संपला. व्हॉल्व या अमेरिकन कंपनीने २००३ मध्ये ‘स्टीम’ सुरू केलं आणि पुढच्या काही वर्षांत हा व्यवहारच पालटला. पैसे भरायचे, गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा, आणि खरेदीची नोंद त्या दुकानातल्या आपल्या खात्यावर राहणार. पोलंडमधलं ‘जीओजी’ २००८ मध्ये आलं, ‘एपिक गेम्स स्टोअर’ डिसेंबर २०१८ मध्ये. सोनीच्या ‘प्लेस्टेशन’ या गेम खेळायच्या यंत्रासाठीचं प्लेस्टेशन स्टोअरही याच पंगतीतलं.

कल्पना करा, आपल्या शहरात पुस्तकांचं एक मोठं दुकान आहे. तिथे पुस्तक विकत घेतलं तरी घरी न्यायचं नाही. दुकानातच तुमच्या नावाचं एक कपाट असतं, पुस्तक त्यात राहतं. वाचावंसं वाटलं की तिथे जायचं, कपाट उघडायचं. बारा वर्षांत कपाटात दोनशे पुस्तकं जमली. पुढे घ्यायच्या पुस्तकांची चिठ्ठीही तुम्ही कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवली आहे. एका सकाळी जाता तर कपाट वरच्या मजल्यावर हलवलेलं, पुस्तकांचा क्रम मोडलेला, चिठ्ठी गायब, आणि जिथे कपाट होतं तिथे नव्या कादंबरीची भलीमोठी जाहिरात. दुकानदार म्हणतो, ‘बघा, किती छान दिसतंय!’

गेम स्टोअरचं हे असं आहे. ग्राहक तिथे फक्त खरेदीला जात नाही, त्याचं आधी घेतलेलं सामानही तिथेच असतं. त्या सामानाला ‘लायब्ररी’ म्हणतात आणि पुढे घ्यायच्या गेमच्या यादीला ‘विशलिस्ट’. कायद्याच्या भाषेत तर ते सामानही पुरतं आपलं नसतं. आपण विकत घेतो तो वापरण्याचा परवाना. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगणं बंधनकारक करणारा कायदा केला, तो जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्याच्या थोडं आधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, स्टीमने पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना दाखवायला सुरुवात केली होती.

हे नातं किती नाजूक असतं, ते जीओजीच्या ग्राहकांनी २०१० मध्ये अनुभवलं. त्या सप्टेंबरमध्ये वेबसाइट अचानक बंद झाली आणि आता ती या स्वरूपात चालू शकत नाही, असा संदेश तिथे झळकला. पैसे देऊन घेतलेले गेम परत उतरवता येतील का, या काळजीने लोक हवालदिल झाले. काही दिवसांनी उलगडलं की वेबसाइट नव्या रूपात आणण्यासाठी केलेला तो प्रसिद्धीचा डाव होता. कंपनीला माफी मागावी लागली. नवं रूप चांगलं की वाईट, हा प्रश्न तेव्हा मागे पडला. लोकांच्या मनात राहिली ती धास्ती.

मग कंपन्या मांडणी बदलतात तरी का?

कारणं खरी असतात. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून जास्त नवे गेम आले. एवढा माल शंभर-दोनशे गेमसाठी आखलेल्या पानावर मावत नाही. पडदे बदलले: कोणी फोनवरून बघतो, कोणी टीव्हीवरून, कोणी २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेकसारख्या हातात धरायच्या यंत्रावरून. पंधरा वर्षं जुन्या प्रोग्रामवर ठिगळं लावत राहणं नव्याने लिहिण्यापेक्षा महाग पडतं.

आणि पैसा आहेच. विकल्या गेलेल्या प्रत्येक गेममागे स्टोअर आपला वाटा घेतं. स्टीमचा वाटा सुरुवातीच्या विक्रीवर ३० टक्के असतो, एपिकने १२ टक्क्यांपासून सुरुवात केली. पानाच्या वरच्या भागात कोणता गेम दिसतो यावर गेम बनवणाऱ्याची आणि स्टोअरची, दोघांचीही कमाई ठरते. त्यामुळे रचना बदलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ‘नवीन काय विकता येईल’ हे आधी येतं. ‘जुनं सहज कसं सापडेल’ हे नंतर येतं, कधीकधी येतच नाही.

नेमकं हरवतं काय?

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. लॅपटॉप साधाच: ८ जीबी रॅमचा, गेमची चित्रं वेगाने दाखवणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. तो गेम बघताना आधी चित्र बघत नाही, किंमतही बघत नाही. आधी बघतो तो ‘किमान गरजा’चा तक्ता: किती रॅम लागते, कोणतं ग्राफिक्स कार्ड, डिस्कवर किती जागा. त्याच्या दृष्टीने बाकी सगळं त्यानंतर. ६० जीबी उतरवून गेम चाललाच नाही तर डेटाही गेला आणि दोन रात्रीही गेल्या. स्टीमवर पैसे परत मिळतात, पण खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तरच.

तो नेहमी वापरतो त्या एका स्टोअरने रचना बदलली तेव्हा मी त्याच्या शेजारी बसून बघितलं. पूर्वी गेमचं पान उघडलं की किंमत उजवीकडे आणि थोडं खाली गेलं की तक्ता समोर. आता पान उघडलं की पडदाभर व्हिडिओ. खाली गेलं की मोठी चित्रं, मग परीक्षणांतली निवडक वाक्यं, मग ‘तुम्हाला हेही आवडेल’. तक्ता एका बंद पट्टीच्या आत, आणि पट्टीवर फिकट राखाडी अक्षरांत ‘अधिक तपशील’. पट्टी उघडली, तक्ता वाचला, गेम जमण्यासारखा नव्हता. त्याने मागे जाण्याचं बटण दाबलं, आणि यादी पुन्हा पहिल्या गेमपासून सुरू झाली. साठ-सत्तर गेम खाली जाऊन तो जिथे पोहोचला होता, ती जागा गेली.

‘मावशी, बघ, दर वेळी असंच होतं,’ तो म्हणाला. पुन्हा खाली सरकवत गेला. पुन्हा एक गेम उघडला, पुन्हा मागे, पुन्हा पहिल्यापासून. चौथ्यांदा त्याने लॅपटॉप मिटला.

यामागचं तंत्र सोपं आहे. जुन्या रचनेत यादीला पानं होती: पान १, पान २, पान ३. प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता होता, त्यामुळे मागे गेलं की ब्राउझर बरोबर त्याच पानावर आणून सोडायचा. नव्या रचनेत पानं काढून टाकली आणि खाली सरकेल तसा माल आपोआप येत राहतो. फोनवर अंगठ्याने सहज चाळायला हे बरं वाटतं. पण ‘तुम्ही कुठपर्यंत आला होतात’ ही नोंद ठेवण्याची सोय मुद्दाम करावी लागते. ती केली नाही, तर ग्राहक प्रत्येक वेळी दारापाशी येऊन पडतो. यात सवयीचा प्रश्न कुठे आला? भाचा वर्षभर वापरूनही त्या यादीला सरावणार नाही, कारण सरावण्यासारखं तिथे काही नाहीच.

फिकट अक्षरांचंही तसंच. सर्वांना वापरता येतील अशा वेबसाइटसाठी जगभर जे मानक वापरतात, त्यात नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक असावा, असं सांगितलं आहे. काळ्यावर राखाडी अक्षरं डिझाइनरच्या महागड्या पडद्यावर देखणी दिसतात. दुपारच्या उजेडात, स्वस्त लॅपटॉपवर, चाळिशीच्या डोळ्यांना ती दिसतच नाहीत.

कधी तर अख्खी सोयच नाहीशी होते. सोनीने ऑक्टोबर २०२० मध्ये प्लेस्टेशन स्टोअरची वेबसाइट नव्याने आणली तेव्हा लोकांच्या विशलिस्ट काढून टाकल्या. पीएस३, पीएसपी आणि व्हिटा या जुन्या यंत्रांचे गेमही वेबवरच्या दुकानातून गेले. विशलिस्टची सोय २०२१ मध्ये परत आली, पण वर्षानुवर्षं जमवलेली यादी पुन्हा बसून करायची ती ग्राहकानेच. एपिकच्या दुकानात तर सुरुवातीपासून कार्टच नव्हती, म्हणजे निवडलेल्या वस्तू एकत्र ठेवून एकदाच पैसे भरायची सोय. २०१९ च्या मोठ्या सेलमध्ये लोक एकामागून एक गेम घेऊ लागले, तर घोटाळा पकडणाऱ्या यंत्रणेला संशय येऊन काही ग्राहकांची खातीच अडवली गेली. कार्ट आली डिसेंबर २०२१ मध्ये, दुकान उघडल्यावर तीन वर्षांनी. एवढ्याशा सोयीवर किती गोष्टी टेकलेल्या असतात, ते ती नसताना कळतं.

‘दोन महिन्यांत सवय होते, मग सगळे गप्प बसतात’

या म्हणण्यात तथ्य आहे. वारंवार दिसणारी गोष्ट आपल्याला हळूहळू आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवलं. आहे तेच चालू ठेवण्याकडे माणसाचा कल असतो, यावर सॅम्युएलसन आणि झेकहाउझर यांचा १९८८ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. स्टीमने २०१९ मध्ये लायब्ररीचं रूप बदललं तेव्हाही मोठी चित्रं आणि वाढलेला पसारा यांवरून कुरबुर झालीच. आज बहुतेक लोक ती लायब्ररी काही न बोलता वापरतात.

म्हणून तक्रार ऐकताना मी एकच गोष्ट तपासते: हे काम आधी होत होतं, आता होतं का? ‘बटण डावीकडून उजवीकडे गेलं’ ही सवयीची तक्रार. हात पंधरा दिवसांत वळतो. ‘भाषेनुसार गेम निवडायची सोय गेली’ ही हरवल्याची तक्रार; ती दहा वर्षांनीही तितकीच खरी राहील. लोक गप्प बसले म्हणजे मान्य झालं, असंही नाही. कित्येकदा त्यांनी फक्त आशा सोडलेली असते.

याची किंमत कंपनीलाही मोजावी लागते. ब्रिटनमधल्या मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानसाखळीने २०१४ मध्ये नवी वेबसाइट आणली आणि जुन्या ग्राहकांना नव्याने नोंदणी करायला लावली. त्यानंतरच्या तिमाहीत त्यांची ऑनलाइन विक्री ८.१ टक्क्यांनी घसरली. आपल्याकडचं उदाहरण तर नाशिकमधल्या कुठल्याही सीएला विचारा. ७ जून २०२१ रोजी प्राप्तिकर विभागाचं नवं पोर्टल सुरू झालं आणि विवरणपत्र भरणं मुश्कील झालं. ऑगस्टमध्ये अर्थमंत्र्यांनी ते बनवणाऱ्या इन्फोसिसच्या प्रमुखांना बोलावून जाब विचारला आणि मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवावी लागली. तेव्हा कोणी म्हणालं नाही की करदात्यांना बदल आवडत नाही.

‘कंपनीकडे आकडे असतात, ग्राहकाकडे नुसता राग’

कंपन्या मोठ्या बदलाआधी अनेकदा ‘ए-बी चाचणी’ करतात. काही ग्राहकांना जुनं पान दाखवायचं, काहींना नवं, आणि कोणत्या गटाने जास्त खरेदी केली, जास्त वेळ घालवला ते मोजायचं. पद्धत चांगली आहे, मीही वापरते. पण आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे बघावं लागतं.

भाच्याचंच घ्या. नव्या रचनेत त्याने वेबसाइटवर जास्त वेळ घालवला, जास्त पानं उघडली, जास्त क्लिक केले. आकड्यांच्या तक्त्यात तो खूश ग्राहक दिसेल. प्रत्यक्षात तो वाट चुकलेला होता. दुसरी अडचण सरासरीची. कालच खातं उघडलेला पोरगा आणि बारा वर्षांपासूनचा ग्राहक एकाच सरासरीत मोजले जातात. नव्याला मोठी चित्रं बघून दोन गेम घ्यावेसे वाटले आणि जुन्याला आपल्या तीनशे गेममधून एक सापडेना, तरी आकडा वरच जाणार. विक्री लगेच मोजता येते. उडालेला विश्वास वर्ष-दोन वर्षांनी दिसतो, आणि तोवर तो कशामुळे उडाला हे कोणाला आठवत नाही.

‘ओरडणारे मूठभर असतात’

असतात. पण ते कोण, ते बघा. जो रोज येतो, ज्याने सर्वात जास्त पैसे घातलेत, जो दुकानाचे कानेकोपरे वापरतो, त्यालाच मोडलेला कोपरा आधी दिसतो. बाकीच्यांना तो दिसतो त्या कोपऱ्याशी काम पडेल तेव्हा.

शिवाय न ओरडणाऱ्यांत आपली माणसं फार आहेत, याची मला खंत वाटते. सिडकोतला, नाशिक रोडचा, देवळाली कॅम्पचा मराठी मुलगा गेम खेळताना इंग्रजी सफाईने वाचतो, पण चार परिच्छेदांची नेमकी तक्रार इंग्रजीत लिहायची म्हटलं की मागे सरतो. त्याची अडचण तेवढीच खरी असूनही मोजणीत येत नाही. स्टीमवर २०१५ पासून किमती रुपयांत दिसतात. म्हणजे आपण ग्राहक म्हणून मोजले जातो, तक्रारदार म्हणून मात्र अजून नाही.

आणि मूठभरांचं ऐकलं जातं, याचीही उदाहरणं आहेत. मार्च २०२१ मध्ये सोनीने पीएस३, व्हिटा आणि पीएसपी यांची दुकानं बंद करण्याचं जाहीर केलं. या जुन्या यंत्रांवर खेळणारे लोक तेव्हा थोडेच उरले होते. पण विरोध इतका मुद्देसूद झाला की एप्रिलमध्ये कंपनीने निर्णय चुकल्याचं मान्य करून पीएस३ आणि व्हिटाची दुकानं चालू ठेवली. रेडिट या चर्चांच्या वेबसाइटने २०१८ मध्ये रूप बदललं, पण जुनं रूप वेगळ्या पत्त्यावर चालू ठेवलं. ज्याला हवं तो तिकडे जातो. हा मार्ग मला सर्वात प्रामाणिक वाटतो. दोन्ही रूपं सांभाळायला खर्च येतो, पण निदान वर्षभर तरी तो करायलाच हवा.

‘पटत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा’

कपाट इथे असताना जायचं कसं? एका स्टोअरमध्ये घेतलेला गेम सहसा दुसरीकडे नेता येत नाही. मित्रांची यादी, अर्धवट खेळलेल्या डावाच्या नोंदी, मिळवलेली पदकं, सगळं त्या खात्याला बांधलेलं असतं. जीओजी इथे वेगळं आहे: तिथल्या गेमची पूर्ण फाइल उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवता येते आणि इंटरनेटशिवायही ती चालते. जाणं एवढं अवघड असतं म्हणूनच ग्राहक ओरडतो. साध्या दुकानातून तो निमूट निघून गेला असता.

कुरूप रचना आणि फसवी रचना

पान दिसायला वाईट असणं हा गुन्हा नाही. पण रचनाच ग्राहकाला चकवण्यासाठी केलेली असेल तर गोष्ट वेगळी. अशा रचनेला ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि अशा १३ प्रकारांना मनाई केली. न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं, ‘शेवटची दहा मिनिटं’ असा खोटा धाक घालणं, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं, वर्गणी बंद करायचं बटण लपवणं, जाहिरात आहे हे न सांगता जाहिरात दाखवणं, हे सगळं त्यात येतं. नव्या रचनेत असं काही आढळलं तर ती ‘आवडनिवड’ राहत नाही.

सवलतीचे आकडेही नीट बघावेत. ‘मूळ किंमत’ म्हणून खोडलेला आकडा खरोखर कधी आकारला होता का, हा प्रश्न विचारण्यासारखा असतो. युरोपीय संघात मे २०२२ पासून सवलत जाहीर करताना त्याआधीच्या ३० दिवसांतली सर्वात कमी किंमत दाखवावी लागते.

तक्रार लिहायची तर

‘नवं डिझाइन भंगार आहे, जुनं आणा’ एवढंच लिहिलं तर ते राग या सदरात जमा होतं. त्याऐवजी काय करायला गेलात, कुठे अडलात आणि पूर्वी ते कसं होत होतं, एवढं लिहा. असं: ‘सर्चच्या यादीत खाली जाऊन एक गेम उघडला. मागे आल्यावर यादी पहिल्यापासून सुरू झाली. जुन्या रचनेत त्याच पानावर परत येत होतो. विंडोज लॅपटॉप, क्रोम ब्राउझर, स्क्रीनशॉट सोबत.’ हे वाचून माझ्यासारखी तपासणारी बाई पाच मिनिटांत तीच चूक स्वतःच्या मशीनवर घडवून बघू शकते, आणि घडवून बघता आलेली चूक दुरुस्तीच्या यादीत जाते. मराठीत लिहून भाषांतर करून पाठवलंत तरी हरकत नाही, वाक्यं छोटी ठेवा. मोठा बदल येणार असं कळलं की विशलिस्ट आणि खरेदीच्या पानाचे फोटो आधीच काढून ठेवा. पावत्यांचे मेल पुसू नका.

पैशांचा किंवा फसवणुकीचा मुद्दा असेल तर २०२० चे ई-कॉमर्स नियम कामाला येतात. भारतातल्या ग्राहकांना विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही ते लागू आहेत. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असं त्यात म्हटलं आहे. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. फोन करताना ऑर्डर क्रमांक, तारीख आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवा.